जुन्या पत्त्यावरचे अर्ज

पौडच्या एस.टी. स्टँडमागे बुद्धविहार आहे, त्याला लागून प्रदीपचं घर. वडील विश्राम रस्त्याच्या कामावर डांबर टाकायला जायचे. प्रदीप डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना ते गेले. आई इंदूबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. त्यांनी मुलाला सांगितलं, "तू शिकायचं सोडू नगंस. मी हाय." आणि त्या खरोखरच होत्या, म्हणून प्रदीप शिकला.

कॉलेजच्या लॅबमध्ये एका जुन्या मासिकाबरोबर आलेली लिनक्सची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या एका फुकट प्रणालीची, सीडी त्याच्या हाती लागली. ती लावून, मोडून, परत लावून तो जे शिकला, त्यावर त्याला हिंजवडीत नोकरी मिळाली. कंपनी लहान होती. दुसऱ्यांच्या वेबसाइट आपल्या सर्व्हरवर ठेवायच्या आणि त्या बंद पडू द्यायच्या नाहीत, एवढंच काम. सर्व्हर म्हणजे कधी बंद न होणारा एक कॉम्प्युटर. कुणीही, कुठूनही वेबसाइट उघडली की त्याला तो उत्तर देतो. शेजारणी विचारायच्या, "इंदूबाई, पोरगं काय काम करतंय गं?" त्या म्हणायच्या, "मशीन राखतंय." याहून नेमकं प्रदीपलाही सांगता आलं नसतं.

सेकंडहँड मोटरसायकलवर तो रोज घोटावड्यावरून माणमार्गे हिंजवडीला जायचा. आल्यावर हातपाय धुऊन वाल्मीककडे. वाल्मीक शाळेपासूनचा दोस्त. तहसील कचेरीसमोर एक गाळा घेऊन त्यानं चार कॉम्प्युटरचं सायबर कॅफे टाकलं होतं. झेरॉक्स, अर्ज टाईप करणं, निकाल काढून देणं, सगळं तिथं चालायचं. पौडात तेव्हा दुसरं कॅफे नव्हतं.

अडचण होती ती फोनलाइनची. वेबसाइटचं नाव टाकलं की कॉम्प्युटरला आधी त्या नावाचा पत्ता कुणाला तरी विचारावा लागतो, आकड्यांचा पत्ता. पौडच्या लाइनवर ते विचारणंच इतकं रखडायचं की गिऱ्हाईक उठून जायचं. प्रदीपनं एका रविवारी तोडगा काढला. पौडच्या लोकांना हमखास लागणाऱ्या दोन-तीन वेबसाइट त्याच्याच कंपनीत होत्या. त्यांचे पत्ते त्यानं चारी मशीनमध्ये हातानं लिहून टाकले. आता विचारायलाच नको. पान झटकन उघडायला लागलं.

"लेका, जादू केलीस की," वाल्मीक म्हणाला.

प्रदीप हसला, चहा प्यायला आणि घरी गेला. मग ते विसरला.

त्या वेबसाइटींपैकी एक मुंबईच्या एका ट्रस्टची होती. हा ट्रस्ट मुळशी तालुक्यातल्या गरीब घरच्या मुलींना रक्त-लघवी तपासणीच्या लॅबचा दोन वर्षांचा कोर्स फुकट शिकवायचा, पुण्यात राहण्याजेवणासकट. कोर्स झाला की नोकरी लागायचीच. पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्या येऊ नयेत म्हणून ट्रस्टनं ठरवलं होतं, अर्ज फक्त वेबसाइटवरून घ्यायचा. ज्या मुलीनं आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, तीही वाल्मीकच्या गाळ्यात येऊन अर्ज भरू शकत होती. वाल्मीक त्या अर्जांची काळजी जास्तच घ्यायचा. मुलींची नावं, मार्क दोनदा वाचून घ्यायचा.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात कंपनीचा सर्व्हर कुरकुरायला लागला. डिस्क चुका दाखवत होती. अमोघ सरांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, नवीन मशीन मागवलं. ते मूळचे पुण्याचे, सदाशिव पेठेतले. बोलायला मऊ आणि कामाला चोख.

"प्रदीप, बारावीचा निकाल तोंडावर आलाय," ते म्हणाले. "ट्रस्टचे अर्ज सुरू होणार. आपण सर्व्हर बदलला हे कुणाला कळताही कामा नये. पाच मिनिटंसुद्धा साइट बंद नको."

प्रदीपनं ते मनावर घेतलं. नवीन मशीनचा पत्ता वेगळा असणार होता. नावाचा नवा पत्ता जगभर लवकर पोचावा म्हणून त्यानं आधीच तशी सोय केली. जुनं मशीन चालू ठेवूनच त्यावरचं सगळं नव्यावर उतरवलं. मग रोज जेवढा फरक पडेल तेवढा पुन्हा उतरवत राहिला. आणि एका रविवारी सकाळी, गर्दी नसताना, शेवटचा फरक ओढून घेतला, नाव नव्या पत्त्याकडे वळवलं. कुणाकडे जुना पत्ता राहिला असेल तर त्याची पंचाईत नको म्हणून जुन्या मशीनला हुकूम दिला, की तुझ्या दारात जो येईल त्याला थेट नव्याकडे पोचव. त्यानं स्वतः जुन्या पत्त्यावर जाऊन एक खोटा अर्ज भरून पाहिला. तो नव्या मशीनवर बरोबर उमटला. त्यानं तो पुसला आणि खुर्चीला पाठ टेकली.

सोमवारी अमोघ सरांनी सगळ्यांना सामोसे मागवले. "याला म्हणतात काम," ते म्हणाले. "कुणाला कळलंसुद्धा नाही."

मंगळवारी दुपारी वळवाचं वादळ झालं आणि हिंजवडीची वीज गेली. नव्या मशीनला बॅटरी होती. जुन्याची बॅटरी काढूनच ती नव्याला दिली होती. जनरेटर सुरू व्हायला जो वेळ लागला तेवढ्यात जुनं मशीन बंद पडलं, आणि वीज येताच आपोआप चालू झालं. प्रदीपनं त्याला जो हुकूम दिला होता तो तोंडी होता म्हणा ना. बंद होईपर्यंतच त्याच्या लक्षात राहणारा. कायमचा लिहून ठेवायला एक ओळ आणखी द्यावी लागते. ती त्यानं दिली नव्हती. मशीन उठलं ते आपल्या जुन्या सवयीप्रमाणे. दारात येणाऱ्याला नव्याकडे पाठवायचं हे विसरून ते स्वतःच अर्ज घ्यायला लागलं.

प्रदीप नव्या मशीनशी बसून होता. ते हललंही नव्हतं. जाताजाता त्यानं जुन्याकडे पाहिलं. हिरवा दिवा लागलेला होता.

निकाल लागला. रिहे खोऱ्यातल्या, पौडच्या आसपासच्या वाड्यांवरच्या मुली आया-बापांना घेऊन वाल्मीककडे आल्या. वाल्मीक एकेकीला बसवून अर्ज भरायचा. शेवटी पडद्यावर 'आपला अर्ज मिळाला' असं येई आणि खाली एक नंबर. तो कागदावर छापून वाल्मीक मुलीच्या हातात द्यायचा. "जपून ठेव. ह्योच पुरावा."

मुदत संपली. त्यानंतरच्या सोमवारी अमोघ सर म्हणाले, "जुनं मशीन पुण्याच्या तपकीर गल्लीतला, जुने कॉम्प्युटर घेणारा व्यापारी घेऊन जाणार आहे. लोकांची माहिती आहे त्यावर, नीट पुसून दे." प्रदीपनं डिस्कच्या पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत शून्यं लिहिली. मग तेच पुन्हा एकदा केलं. तो असाच होता, काम अर्धवट ठेवायचा नाही.

निवड झालेल्या मुलींची यादी लागली तेव्हा तो महिना विसरण्याइतका मागे पडला होता. एका संध्याकाळी तो घरी आला तर इंदूबाई चुलीपुढून उठल्याच नाहीत.

"वाल्मीकनं पोरी फसिवल्या म्हन," त्या म्हणाल्या.

"काय बोलतेस? कुणी सांगितलं?"

"समदं पौड बोलतंय. त्याच्याकडनं अर्ज केलेली येक बी पोरगी लागली न्हाई. रिह्याची गोजराबाई लेकीला घिऊन ट्रस्टच्या हापिसात गेली हुती. त्यो कागद दावला, तर साहेब म्हनला, ह्यो नंबर दुसऱ्याच पोरीचा हाय. वाल्मीकनं खोटं कागद छापलं म्हंत्यात. गोजराबाई हितं आली हुती, माज्यापाशी रडून गेली. त्यो कागद बी ठिवून गेलीया. म्हनली, तुमच्या पोराला कळतंय त्यातलं, त्याला दावा."

प्रदीपनं कागद घेतला. शारदा, रिहे, बारावी विज्ञान, मार्क. नंबर. तारीख. तारीख वीज गेल्यानंतरची होती.

एकच नंबर दोघींना कसा मिळेल? नंबर देणारं मशीन एकच असतं. दोन मशीन वेगवेगळी बसून एकाच आकड्यापासून पुढं मोजायला लागली, तरच. हे त्याच्या मनात आलं. आईनं ताट वाढलं होतं. तो तसाच वाल्मीककडे गेला.

वाल्मीक अर्धं शटर ओढून आत बसला होता. एका कॉम्प्युटरचा पडदा फुटलेला होता. कुणीतरी दगड मारला होता.

"आलास?" तो म्हणाला. "बघ रं बाबा. मी काय केलं ते तूच सांग मला. लोक थुकत्यात माज्यावर."

प्रदीपनं दुसऱ्या कॉम्प्युटरवर ट्रस्टची वेबसाइट उघडली. उघडेना.

"ती लई दिस झालं उघडत न्हाई," वाल्मीक म्हणाला. "मला वाटलं मुदत संपली म्हून बंद केली."

सगळ्या जगात ती उघडत होती. प्रदीपनं ती लहानशी फाइल उघडली. त्यानं स्वतः लिहिलेले आकडे तिथं तसेच होते. जुना पत्ता. जगानं नवा पत्ता कधीच घेतला होता. ह्या चार मशीनना विचारायची गरजच त्यानं ठेवली नव्हती.

त्यानं वाल्मीकला सगळं सांगितलं. पत्ता, वादळ, हिरवा दिवा, शून्यं. वाल्मीक ऐकत राहिला. मध्ये एकदा म्हणाला, "म्हंजी पोरींचं अर्ज पोचलं हुतं?"

"पोचले होते. माझ्याच मशीनवर पोचले होते."

"मग आता काढ की."

"मी पुसलं ते."

वाल्मीकनं फुटलेल्या पडद्याच्या काचा बाजूला सारल्या. मग म्हणाला, "मग हे मला कशाला सांगतुयास? त्यास्नी सांग. माजं लेकरू शाळंत जातंय, त्याला पोरं चोराचा म्हंत्यात."

दुसऱ्या दिवशी प्रदीपनं अमोघ सरांपुढं सगळं ठेवलं. त्यांचा चेहरा उतरला. ते उठून खिडकीशी गेले.

"तुझी चूक आहे, पण मुद्दाम नाही," ते म्हणाले. "पण हे लेखी कुणाला देऊ नकोस. ट्रस्ट गेला तर बाकीचेही जातील. बारा जणांचे पगार आहेत इथे. मी त्यांच्याशी तोंडी बोलतो."

"त्या मुलींचं काय, सर?"

"मी बोलतो म्हटलं ना."

प्रदीपनं त्याच दुपारी तपकीर गल्ली गाठली. व्यापाऱ्याकडे ते मशीन अजून होतं, इतर मशीनच्या ढिगात, झाकण काढलेलं. त्यानं विनवण्या करून डिस्क लावून घेतली. व्यापाऱ्याचा माणूस पडद्याकडे बघत म्हणाला, "कोरी आहे हो. एकदम स्वच्छ. कुणी पुसली, चांगली पुसली."

आठवडा गेला. अमोघ सर बोलले की नाही हे कळलं नाही, विचारलं की ते म्हणत, "चाललंय." इकडे वाल्मीकवर पोलिसांत तक्रार झाली. तेव्हा प्रदीपनं मागं पाहिलं नाही. जे घडलं ते त्यानं कागदावर लिहिलं, खाली सही केली, आणि गोजराबाई आणि शारदाला घेऊन ट्रस्टच्या पुण्यातल्या कचेरीत गेला.

शारदा सावळी, बारीक, वेणी घट्ट घातलेली मुलगी होती. एस.टी.त ती खिडकीशी बसली, गुणपत्रिका मांडीवर धरून. कचेरीत शिपायानं सांगितलं, मुलीला बाहेर बसू द्या. ती बाकावर बसली.

आत मेधा मॅडम होत्या, प्रवेशाचं काम बघणाऱ्या. त्यांनी कागद दोनदा वाचला. प्रदीपला चार प्रश्न विचारले आणि त्यांना ते समजलं. आजवर ज्यांना त्यानं हे सांगितलं त्यांत समजणाऱ्या त्या पहिल्याच. मग त्यांनी शारदाची गुणपत्रिका पाहिली आणि डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"हिला पहिल्याच फेरीत घेतलं असतं," त्या म्हणाल्या.

"मग घ्या की बाई," गोजराबाई म्हणाल्या. "माजी पोर काय लई खात न्हाई. येका कोपऱ्यात पडून ऱ्हाईल."

"जागा भरल्या, मावशी. मुली राहायलासुद्धा आल्या. आता त्यांच्यातल्या एकीला उठवू का मी?" मॅडमचा आवाज कडक नव्हता. "पोलिसांना मी कळवते की कॅफेवाल्याचा दोष नाही. पुढच्या वर्षी हिला अर्ज करायला सांगा. मी लक्ष ठेवीन."

बाहेर आल्यावर शारदानं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि उठून चालायला लागली.

पुढच्या वर्षी ट्रस्टनं हा कोर्स दुसऱ्या जिल्ह्यात नेला. कुणी म्हणालं, मुळशीत फार कटकटी झाल्या म्हणून. वेबसाइट तर त्यांनी, प्रदीपनं कागद दिला त्याच महिन्यात, अमोघ सरांकडून काढून घेतली. अमोघ सर प्रदीपला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस," आणि हात पुढे केला. प्रदीपनं हात मिळवला.

पोलिसांनी वाल्मीकला सोडून दिलं, पण पौडनं सोडलं नाही. प्रदीप घरोघर गेला, रिह्याला गेला, देवळापुढं बसलेल्या माणसांना समजावून सांगितलं. पत्ता, मशीन, वादळ. माणसं ऐकून घ्यायची. शेवटी कुणीतरी म्हणायचं, "म्हंजी तू बी सामील हुतास व्हय?" किंवा त्याहून वाईट म्हणजे, "ऱ्हाऊ द्या, दोस्तासाठी बोलतुया." खरं इतकं अवघड होतं की खोटं सोपं वाटायचं. वाल्मीकनं त्या दिवाळीआधी गाळा सोडला आणि बायकामुलांना घेऊन भोसरीला गेला, तिथं टेम्पो चालवायला लागला. जाताना प्रदीपच्या दारावरून सामान गेलं. इंदूबाई बाहेर आल्या, "आरं थांब, पानी तरी पिऊन जा," म्हणाल्या. टेम्पो थांबला नाही.

प्रदीपला पुढं मोठ्या कंपनीत ठेकेदारामार्फत काम मिळालं. सर्व्हर राखायचंच. अशी किती मशीन त्यानं बदलली. प्रत्येक वेळी जुनं मशीन तो मुद्दाम बंद-चालू करून पाहायचा, पुसण्याआधी त्यावरचं एकेक अक्षर तपासायचा, सोबतची पोरं कंटाळायची. साहेब लोक त्याला फार काळजीचा माणूस म्हणत. त्याचं लग्न झालं नाही. दोन स्थळं इंदूबाईंनी आणली, तो म्हणाला, "बघू." त्या थकल्या आणि विचारायच्या बंद झाल्या. आई झोपल्यावर तो उगाच दारात बसून राहायचा. मनात तेच, एक ओळ लिहायची राहिली.

दोन हजार नऊच्या थंडीत, एका सकाळी, तो कंपनीत शिरत होता. सफाईच्या बायका शिफ्ट संपवून बाहेर येत होत्या. माणकडे जाणारी जीप उभी होती. निळ्या कोटातल्या एका बाईनं त्याच्याकडे पाहिलं, थबकली.

"प्रदीपदादा ना?"

त्यानं तिला वेणीवरून ओळखलं. शारदा. गळ्यात काळी पोत होती. माणमध्ये खोली घेऊन राहतो, ती म्हणाली. नवरा सिक्युरिटीत आहे, मुलगा बालवाडीत जातो. आई गेली मागच्या साली. ती सगळं सरळ आवाजात सांगत होती, जसं कुणाही गावच्या माणसाला सांगावं.

प्रदीपला राहवलं नाही. "शारदा, ते जे झालं... तुझा अर्ज मिळाला होता. माझ्या चुकीनं गेला तो."

"आई सांगायची तसं," ती म्हणाली. "मला वाटायचं, माजी समजूत घालाया सांगतीया. आपलं मार्कच कमी पडलं असतील. ते बरं हुतं एका अर्थानं. आपल्याच्यानं झालं न्हाई, एवढंच. मग जे मिळालं ते करायचं."

"कमी नव्हते पडले," प्रदीप म्हणाला. "मॅडम आत बोलल्या होत्या. तुला पहिल्याच फेरीत घेतलं असतं म्हणाल्या. तू बाहेर होतीस तेव्हा."

तो हे तिला दिलासा म्हणून सांगत होता. इतक्या वर्षांत एवढी एकच चांगली गोष्ट त्याच्याकडे तिला द्यायला होती.

शारदाचा चेहरा हळूहळू बदलला. तिनं खाली पाहिलं. फिनेलनं पांढरी पडलेली बोटं तिनं कोटाच्या खिशात घातली.

"पहिल्या फेरीत?"

"हो."

जीपवाल्यानं हॉर्न दिला. बाकीच्या बायका आत बसल्या होत्या, एक ओरडली, "शारदे, चल की गं!"

"हे कशाला सांगितलंस, दादा?" शारदा म्हणाली. "माजं चाललं हुतं की."

ती जीपमध्ये चढली. कुणीतरी तिला सरकून जागा दिली. प्रदीप तिथंच उभा होता, गेटवरच्या माणसानं कार्ड मागेपर्यंत. कार्ड दाखवून तो आत गेला. त्या दिवशीही एक जुनं मशीन उतरवायचं होतं.